भाऊंच्या कॅसेटचं कव्हर

बाळांनो,

गेल्या रविवारी तुम्ही मला फोनवर तुमच्या खोलीची भिंत दाखवलीत. रॅपच्या जुन्या रेकॉर्डांची कव्हरं तुम्ही एका ओळीत लावली आहेत. थोरला मला समजावून सांगत होता, "आजी, ह्यात गात नाहीत, बोलतात." मी "हो का" म्हटलं. मागे तुमचा बाबा उभा होता. तो नुसता हसला आणि कुकर बघायला निघून गेला.

त्याने तुम्हाला काहीच सांगितलेलं दिसत नाही. म्हणून मी लिहायला बसले. तुम्हाला मराठी वाचायला वेळ लागतो हे मला ठाऊक आहे, तेव्हा जे जसं घडलं तसंच, त्याच क्रमाने लिहीन. एखादा शब्द अडला तर बाबाला विचारा. मधलं काही गाळा असं तो म्हणाला, तर मात्र ऐकू नका.

पहिली गोष्ट, ती कव्हरं मी तुमच्या आधी पाहिलेली आहेत. दुसरी गोष्ट, तुमच्या भिंतीवरची सगळी नावाजलेली आहेत. ज्यांना कोणी विचारलं नाही अशांतली काही त्यांच्याहून सरस होती, आणि त्यांतलं एकही तुम्ही लावलेलं नाही.

तेव्हा आम्ही धुळ्याला राहत होतो. नव्वदीची पहिली वर्षं. मी मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवत होते, तुमचे आजोबा पाटबंधारे खात्यात होते आणि तुमचा बाबा जळगावला वसतिगृहात राहून इंजिनिअरिंग करत होता. दर शनिवारी तो एसटीने घरी यायचा. पिशवीत मळके कपडे असायचे आणि त्या कपड्यांत गुंडाळलेल्या एक-दोन कॅसेट्स.

जळगावच्या बाजारात एक कॅसेटचं दुकान होतं. दुकानदाराने मुंबईहून इंग्रजी कॅसेट्सचा एक गठ्ठा नाचाची गाणी समजून आणला होता. वरातीत चालतील, असा त्याचा अंदाज. एक लावून ऐकल्यावर त्याने कपाळाला हात लावला आणि सगळा गठ्ठा बिस्किटांच्या रिकाम्या खोक्यात घालून दुकानाच्या पायरीवर ठेवला. बाबा त्या खोक्यात हात घालायला लागला, तेव्हा तो म्हणाला होता, "घेऊन जा रे पोरा, पण परत आणू नको. ह्यात गाणं नाही, भांडण आहे."

दुकानात वाजवून दाखवायला तो तयार नसे. बाकीची गिऱ्हाइकं पळतात म्हणे. त्यामुळे बाबा कॅसेट निवडायचा ती केवळ कव्हर बघून.

माझी त्या कव्हरांशी गाठ पडली ती एका रविवारी दुपारी. मी सहामाहीचे पेपर तपासत होते. आतल्या खोलीतून मिरच्या कांडण्याच्या गिरणीसारखा आवाज येत होता. तुमचे आजोबा वर्तमानपत्रामागून म्हणाले, "अगं, त्याला विचार जरा, गाणं कधी सुरू होणार आहे."

मी आवाज कमी करायला गेले. टेबलावर कॅसेटची डबी उघडी होती. तिच्यातला घडीचा कागद मी उचलला तो नीट डबीत घालून ठेवायला, कारण उघड्या वस्तू मला बघवत नाहीत. पण ठेवायचं राहून गेलं आणि मी तो बघतच उभी राहिले.

विटांच्या एका जुन्या इमारतीच्या पायऱ्यांवर काही तरुण बसले होते. कोणी कॅमेऱ्याकडे बघत होता, कोणी नव्हता. एकाच्या बुटाची नाडी सुटली होती. आणि त्यांच्या डोक्यावर, दुसऱ्या मजल्याच्या खिडकीत, कोपर टेकून एक म्हातारी खाली बघत होती. खाली काय चाललंय ते तिला कोणी सांगितलेलं नसावं. पोरांनी संध्याकाळी पायरीवर इतका गोंधळ का घातलाय, एवढंच तिच्या तोंडावर होतं. फोटो काढणाऱ्याला तिला "बाजूला व्हा" म्हणता आलं असतं. त्याने म्हटलं नाही, हे मला फार आवडलं.

मूळ कव्हर मोठ्या रेकॉर्डचं, जेवणाच्या ताटाएवढं. आमच्या हातात येईतो ते काडेपेटीपेक्षा थोडंसं मोठं उरलेलं. मी आजोबांचं नकाशे बघायचं भिंग आणलं. बाबा दारात येऊन उभा राहिला. त्याला वाटलं, आता बोलणी बसणार.

"आई, आवाज कमी करतो."

"आवाज राहू दे," मी म्हटलं. "ही बाई कोण आहे?"

"कुठली बाई?"

इतके दिवस ती कॅसेट त्याच्याजवळ होती आणि खिडकीतली बाई त्याला दिसलीच नव्हती. त्याने भिंग घेतलं, पाहिलं आणि खाली बसला.

तेव्हापासून घरात रिवाजच पडला. शनिवारी बाबा आला की कपडे भिजत घालायच्या आधी कव्हरं टेबलावर यायची. शिक्षिकेला गुण दिल्याशिवाय राहवत नाही, म्हणून मी गुण द्यायची. मोटारी, सोन्याच्या साखळ्या आणि बंदुका असलेल्यांना मी काठावर पास करायची. दागिने घालून फोटो तर आमच्या शेजारणीही काढून घेत. तुमच्या भिंतीवर तसली तीन आहेत.

ज्यांना मी पैकीच्या पैकी दिले, त्यांतली दोन सांगते. एकावर बर्फात बसथांब्यावर उभी असलेली माणसं होती, जाडजाड कोट घातलेली. मागे बस येताना दिसत होती आणि त्यातल्या एकाचं लक्ष फोटोकडे नसून बसकडे होतं. दुसरं कोणीतरी बॉलपेनने काढलं होतं, वहीच्या मागच्या पानावर मुलं काढतात तसं. इमारती वाकड्या, माणसं ठेंगणी, पण प्रत्येक खिडकीत वेगळा पडदा. काढणाऱ्याला प्रत्येक घर माहीत होतं, हे उघड होतं. बाबाच्या मित्रांनी ते बघून म्हटलं होतं, "पैसे संपले वाटतं ह्यांचे." त्या कॅसेटचं नाव तुम्ही कुठे ऐकलं नसेल. बाबानेही नंतर फार शोधलं, कुठे मिळालं नाही.

गाण्यांबद्दल मी काही बोलणार नाही. त्यांतल्या अर्ध्या शब्दांना शब्दकोश नव्हता आणि उरलेल्या अर्ध्यांना तो नसलेलाच बरा होता. पण आतला घडीचा कागद मी पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचायची. छापलेला कागद अर्धा वाचून ठेवणं मला जमत नाही.

आता भाऊंबद्दल.

भाऊ म्हणजे माझे मोठे भाऊ, तुमच्या बाबाचे मामा. शिंदखेडा तालुक्यात आमचं गाव. नरडाण्याला गाडीतून उतरायचं आणि पुढे बैलगाडीने जायचं. मी मामांकडे धुळ्याला राहून शिकले, भाऊंनी शेती सांभाळली. कापूस आणि ज्वारी. पण पंचक्रोशीत त्यांची ओळख शेतीमुळे नव्हती. लग्नात हळदीच्या संध्याकाळी जेवणं झाली की भाऊ डफ घेऊन उभे राहायचे आणि खानदेशीत, जुळवून जुळवून, समोरच्यांची फिरकी घ्यायचे. व्याह्यांचा बैल किती वाळलाय, नवरदेवाच्या काकांनी मांडे किती हाणले, वरमाईची चप्पल कोणी लपवली. गाणं म्हणावं तर ते गाणं नव्हतं. डफाच्या ठेक्यावर भराभर बोलणंच. ज्याची फिरकी घेतली तो सगळ्यांत जोरात हसायचा. ज्याचं नावच घेतलं नाही, तो रुसून बसायचा.

एका दिवाळीत भाऊ आमच्याकडे आले असताना त्यांनी तुमच्या आजोबांच्या टकलावर असंच काही जुळवलं. बाबा ऐकता ऐकता एकदम उठून उभा राहिला. "आई," तो म्हणाला, "मामा तेच करतो!"

"काय करस मी?" भाऊंनी घाबरून विचारलं.

त्याने मामाला आतल्या खोलीत नेऊन एक कॅसेट लावून दाखवली. भाऊंनी मान हलवत सगळी बाजू ऐकली आणि म्हणाले, "डफ चांगला शे. पन हाऊ कोनावर चिडेल शे?"

पुढच्या वर्षी सोनगीरला एका लग्नात भाऊंचं गाणं धुळ्याच्या एका कॅसेटवाल्या शेठने ऐकलं. शेठचं दुकान आग्रा रोडला होतं. मागच्या खोलीत तो खानदेशी गाण्यांच्या कॅसेट्स भरायचा. भिंतींना गोधड्या टांगलेल्या, मधोमध माइक. भाऊंची कॅसेट तिथे भरली गेली. एका गाण्याच्या मध्येच रस्त्यावरच्या ट्रकने लांबलचक हॉर्न वाजवला, आणि भाऊंनी न थांबता त्या ड्रायव्हरलाही गाण्यात ओढलं. शेठ इतका हसला की तो हसलेलाही कॅसेटमध्ये आला. पुसायचं कोणी मनावर घेतलं नाही.

राहिलं होतं फक्त कव्हर. तुळशीचं लग्न लागलं की लग्नसराई सुरू, आणि त्याच्या आत कॅसेट बाजारात यायला हवी, असं शेठचं म्हणणं. त्यासाठी एका रविवारी मी शेठला आणि भाऊंना जेवायला बोलावलं. वांग्याचं भरीत, कळण्याची भाकरी, वर कच्चं तेल. शेठने येताना कव्हर आणलं होतं. आधीच्या कुठल्याशा कॅसेटची तसली बरीच उरली होती. धबधबा, धबधब्यापाशी घागर घेतलेली एक मुलगी, आणि डोंगरामागे सूर्य आणि इंद्रधनुष्य दोन्ही. आमच्या गावाकडे धबधबा म्हणजे पाटाचं दार उघडल्यावर पडतं तेवढंच पाणी.

"शेठ, ही कोण?" मी विचारलं.

"कोण का असेना, अक्का. लोक डोळ्यांनी गाणं घेतात. भाऊंचा आवाज सोन्याचा आहे. पण तोंड..." शेठने भाऊंकडे बघितलं. "तोंड शेतकऱ्याचं पडलं."

"मंग! शेतकरीनं तोंड शेतकरीनंच ऱ्हाई," भाऊ म्हणाले आणि हसले.

पण चहा बशीत ओतून त्यांनी तो तसाच निवू दिला. भाऊंचा चहा निवला की त्यांच्या मनाला काही लागलंय, हे मला लहानपणापासून माहीत होतं. वहिनींनी मला आदल्याच आठवड्यात सांगितलं होतं की, आपला फोटो कॅसेटवर येणार हे भाऊंनी गावभर सांगून ठेवलंय आणि नवी टोपी आणून ट्रंकेत जपून ठेवली आहे. भाऊंनी आयुष्यात स्वतःसाठी काही मागितलेलं मला आठवत नाही. हेही ते मागणार नव्हते.

मी हात धुतले आणि बाबाला म्हटलं, "तुझ्या कॅसेट्स आण."

पायऱ्यांवरची पोरं, बसथांबा, बॉलपेनचं शहर, सगळी कव्हरं मी शेठच्या बशीशेजारी मांडली आणि भिंग त्याच्या हातात दिलं.

"अरे बापरे," शेठ म्हणाला. "ह्यांना मॉडेल मिळाली नाही का?"

"शेठ, मॉडेल हेच आहेत," बाबा म्हणाला.

"ह्यांच्यात देखणं कोणी नाही," मी म्हटलं. "पण गाणं कुठून आलं ते बघताक्षणी कळतं. तुमच्या धबधब्यावरून कुठलं गाव कळतं सांगा."

"गाव कळून काय करायचं, अक्का?"

तेवढ्यात भाऊ बोलले. इतका वेळ ते बसथांब्याचं कव्हर हातात धरून होते. "शेठ, गाना मना शे ना?" ते हळूच म्हणाले. "मंग फोटो दुसरी बाईना कसाले?"

तुमचे आजोबा ठसका लागेपर्यंत हसले. शेठने चहाचा कप स्वतःकडे ओढला. "बरं, काढा फोटो," तो म्हणाला. "पण छापून आल्यावर मला पटलं नाही, तर धबधबा. मग कोणी काही बोलायचं नाही."

फोटो काढायला आम्ही गावी गेलो. कापूस वेचून झाला होता आणि विकायचा होता. अशा वेळी आमच्याकडे माणसं ओसरीत राहतात आणि घरात कापूस राहतो. पुढच्या खोलीत तो आढ्यापर्यंत भरला होता. दार उघडलं की पांढरा डोंगर उंबऱ्यावर येऊन टेकायचा.

भाऊ बाहेर आले ते सफारी सूट आणि गॉगल घालून. सूट खांद्यावर घट्ट आणि पोटावर ढगळ.

"मामा, हे काय?" बाबा म्हणाला.

"जवाईना शे," भाऊ म्हणाले.

बाबाने खिशातून पायऱ्यांचं कव्हर काढून दाखवलं. "बघ मामा, ह्यांनी रोजचेच कपडे घातलेत." भाऊंनी गॉगल कपाळावर चढवून ते निरखून पाहिलं. "या बठ्ठा कोना घरना शेतस?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, घर माहीत नाही, पण एकाच गल्लीतले असावेत. भाऊंना ते पटलं. आत जाऊन ते धोतर, बंडी आणि ट्रंकेतली नवी टोपी घालून आले.

पण फोटो निघतोय म्हटल्यावर तो एकट्याचा निघणार कसा? भावकीतले नाना आले, चुलते आले, चुलत्यांची मुलं आली, शेजारचे आबा दाढी करून आले. कोणी म्हणालं, बैल पण घ्या. भाऊ उंबऱ्यावर बसले, मागे कापसाचा डोंगर, दोन्ही बाजूंना भाऊबंद. वहिनींना सगळ्यांनी हाका मारल्या. "माले काम शे," म्हणून त्या आल्या नाहीत. बाबाने मित्राचा कॅमेरा डोळ्याला लावला आणि एकदम खाली घेऊन माझ्याकडे बघितलं. बाजूच्या खिडकीत, गज धरून, वहिनी उभ्या होत्या आणि बाहेर हा काय तमाशा चाललाय ते बघत होत्या. मी मान डोलावली. त्याने खटका दाबला.

फोटो धुऊन आला तेव्हा भाऊंच्या पांढऱ्या कपड्यांच्या कडा पांढऱ्या कापसात विरल्या होत्या. मधोमध उन्हाने रापलेला तेवढा चेहरा. मी त्याला गुण दिले नाहीत. पैकीच्या पैकीच्या वर देण्यासारखे शिल्लक नव्हते.

धुळ्यात रंगीत छपाई करणारा जो छापखाना शेठच्या माहितीचा होता, तो लग्नपत्रिकांचा. बाबाने तिथे फोटो दिला, गाण्यांची नावं लिहिलेला कागद दिला, आणि तिसरा एक कागद फोटोबरोबरच गेला. फोटोत कोण कुठे उभं आहे ते लिहून ठेवायचं, ही आमच्या घरची शिस्त. त्या कागदावर नाना, आबा, चुलते, पोरंटोरं, सगळ्यांची नावं वडीलधाऱ्यांपासून ओळीने लिहिली होती. कागद देऊन बाबा जळगावला गेला. छापखानेवाल्याने तीस वर्षं जे केलं होतं तेच केलं. वर फोटो, खाली वडीलधाऱ्यांपासून ओळीने नावं, आणि बाहेर लग्नसराईची घाई. त्याला त्यात शंका येण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढच्या शनिवारी संध्याकाळी शेठ आमच्या दारात उभा. एका हातात नव्या कव्हरांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात धबधबा.

"अक्का, तुमच्या पोराने माझ्या कॅसेटची पत्रिका केली!"

मी कव्हर हातात घेतलं. फोटो सुरेख आला होता. त्याच्या वर गणपती. गणपतीच्या खाली कुलस्वामिनी प्रसन्न. घडी उघडली तर आत गाण्यांची नावं, आणि त्यांच्याखाली "आपले विनीत" म्हणून झाडून सगळे भाऊबंद. मग "व्यवस्थापक : समस्त मित्रमंडळी". त्याखाली घरातल्या लहानग्यांची नावं आणि त्यांच्या तोंडी एक ओळ, "आमच्या भाऊंची कॅसेट ऐकायला यायचं हं!" सगळ्यांत शेवटी, "स्थळ : राहते घरी."

"स्थळ?" बाबा जेमतेम एवढंच म्हणाला.

"मी विचारलं त्याला," शेठ म्हणाला. "तो म्हणतो, स्थळाची जागा रिकामी कशी सोडायची? नमुना का दाखवला नाही विचारलं, तर म्हणतो, पत्रिका काय पहिल्यांदा छापतोय? आता उद्या डब्यांत धबधबा जाणार. ठरलंय आपलं."

"मुहूर्त कितीचा आहे?" आजोबांनी आतून विचारलं. मी त्यांना गप्प केलं, कारण बाबाचा चेहरा उतरला होता. आणि मला भाऊंची ती बशी दिसत होती.

मी कव्हर पुन्हा वाचलं. आणि मग मला हसू आलं, कारण ते मी आधी वाचलेलं होतं, इंग्रजीत. मी उठून बाबाच्या कॅसेट्समधून पायऱ्यांची कॅसेट काढली, तिचा घडीचा कागद पूर्ण उलगडला आणि शेठला म्हटलं, "बसा. हे त्यांनी आत काय छापलंय ते वाचून दाखवते."

मी एकेक ओळ मराठी करून वाचत गेले. सर्वांत आधी देवाचे आभार. मग आईचे. मग आजीचे, जिने लहानाचं मोठं केलं. मग मावश्या. मग चुलतभाऊ, मामेभाऊ. मग आपली गल्ली, मग पलीकडची गल्ली. जे तुरुंगात आहेत ते, जे आता नाहीत ते. नुकत्याच जन्मलेल्या एका बाळाचं नाव. अगदी बारीक अक्षरांत दोन पानं भरून नावं. आणि शेवटची ओळ : ज्यांची नावं राहून गेली असतील त्यांनी राग मानू नये, डोक्यातून गेलं, मनातून नाही.

शेठ पुढे सरकला. "हे खरंच लिहिलंय?"

"बोट ठेवते त्या ओळीवर, बघा."

"म्हणजे तिकडेही नाव आलं नाही की रुसतात?"

"रुसत असल्याशिवाय का कोणी एवढी नावं छापतं?"

शेठने भिंग मागून घेतलं. ती दोन पानं तो वरपासून खालपर्यंत बघत राहिला; वाचता त्याला येत नव्हती, पण ओळींची ठेवण बघत होता. मग आपलं कव्हर त्याने त्याच्याशेजारी ठेवलं. वर देव, मध्ये माणसं, खाली नावं.

"अक्का," तो म्हणाला, "ज्याचं नाव छापलंय तो एक कॅसेट तर घेणारच. आणि त्याचा व्याही?"

"व्याही दोन घेईल," आजोबा आतून म्हणाले. "एक घरात ठेवायला, एक लोकांना दाखवायला."

शेठ हसायला लागला, कॅसेटमध्ये आहे तसंच. धबधब्याचा गठ्ठा तो आमच्याकडेच विसरून गेला. पुढे वर्षभर मी त्याच्या पाठकोऱ्या बाजूवर वाणसामान लिहिलं.

भाऊंना कव्हर द्यायला मी आणि बाबा दुसऱ्या दिवशी गेलो. भाऊंनी धोतराला हात पुसून ते घेतलं. बराच वेळ वरच्या फोटोकडे बघितलं. स्वतःच्या चेहऱ्यावरून अंगठा फिरवला. मग घडी उघडली, आतलं सावकाश वाचलं आणि वर बघून म्हणाले, "हाई मनं लगीन शे का?"

"ह्या वयमा?" वहिनी खिडकीतून म्हणाल्या. "कोन देई पोर?"

त्या हिवाळ्यात धुळ्यापासून शिंदखेड्यापर्यंत मांडवा-मांडवात ती कॅसेट वाजली. पण सगळ्यांत मोठी गंमत झाली ती पुढच्याच रविवारी. सोनगीरकडचे एक दूरचे नातेवाईक, वयाने फार मोठे, टॉवेल-टोपी आणि नारळ घेऊन भाऊंच्या दारात हजर. त्यांच्या नातवाने त्यांना कव्हर वाचून दाखवलं होतं. स्थळ, राहते घरी. कार्य कसलं ते त्यांनी विचारलं नाही. आपल्याकडे पत्रिका आली की जायचं असतं. भाऊंनीही काही खुलासा केला नाही. त्यांनी टोपी डोक्यावर घातली, टॉवेल खांद्यावर टाकला, म्हाताऱ्यांना बाजेवर बसवलं आणि डफ काढला. वहिनींनी झणझणीत शेवभाजी केली. त्या दिवशी भाऊंनी कॅसेटमधलं पहिलं गाणं म्हटलं आणि त्यात पाहुण्यांच्या वाढलेल्या कानांवर चार नव्या ओळी घातल्या. म्हातारे जाताना वहिनींना म्हणाले, "कार्य चांगलं व्हयनं."

एक चुलतभाऊ मात्र खरोखरच रुसला. फोटोच्या दिवशी तो नरडाण्याला गेलेला होता, म्हणून त्याचं नाव कागदावर नव्हतं. त्याने भाऊंकडे येणंच बंद केलं. सुदैवाने कॅसेट इतकी खपली की दुसरी छपाई काढावी लागली. तिच्यात त्याचं नाव घातलं, स्थळाची ओळ काढली. बाकी एका अक्षराला हात लावायचा नाही, असं मी छापखानेवाल्याला समोर बसून सांगितलं. छापून आल्यावर बघते तर "व्यवस्थापक" ह्या शब्दापुढे समस्त मित्रमंडळींच्या आधी एक नवं नाव होतं. शेठने स्वतःचं घालून घेतलं होतं.

बाबा इंजिनिअर झाला, नोकरीला लागला आणि पुढे तुमच्या तिकडे आला. भाऊंनी त्यानंतर आणखी कॅसेट भरली नाही. एक झाली, पुरे, म्हणाले. शेवटपर्यंत ते लग्नांत डफ वाजवत होते.

तुम्ही विचाराल की ह्यातलं आता काय आहे, म्हणून तेही लिहिते. भाऊ जाऊन बरीच वर्षं झाली. वहिनी आहेत, त्यांना आता दिसत नाही. शेठच्या दुकानाच्या जागी दुसरंच काही आहे. भाऊंची कॅसेट माझ्याकडे आहे, पण टेप चिकटली आहे आणि ती वाजत नाही. तुमच्या बाबाच्या रॅपच्या कॅसेट्सपैकी बऱ्याच घर बदलताना गेल्या. बॉलपेनचं शहर आणि बसथांबा राहिले आहेत, ते मी पुढच्या पार्सलात घालते. भाऊंचं कव्हर पाठवणार नाही. ते घडीवर फाटलं आहे, गणपतीचा लाल रंग उडाला आहे आणि आतली बारीक नावं आता भिंगानेही नीट लागत नाहीत. भाऊंचा चेहरा स्पष्ट दिसतो.